उलटा नाल

मंगळवेढ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही दर श्रावणात नववीच्या मुलांना माचणूरला घेऊन जातात. मंगळवेढ्याहून सोलापूरकडे निघाले की पंधरा किलोमीटरच्या आसपास भीमेच्या काठी हे गाव लागते. सिद्धेश्वराचे देऊळ, नदीचा घाट आणि किल्ल्याच्या पडक्या भिंती एवढे पाहून झाले, की शेजारच्या ब्रह्मपुरीची गोष्ट निघते. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे औरंगजेब बादशहाची मुख्य छावणी इथे होती, हे आज त्या शांत काठावर उभे राहून खरे वाटत नाही. मग ओघानेच मराठ्यांच्या घोडदळाचा विषय येतो आणि सर ती सर्वांच्या आवडीची गोष्ट सांगतात. मराठे म्हणे घोड्यांना उलटे नाल ठोकत. घोडे गेले दक्षिणेला, तर टापांचे ठसे दिसायचे उत्तरेला गेल्यासारखे. पाठलाग करणारी फौज भलतीकडेच!

दोन वर्षांपूर्वी ही गोष्ट संपता संपता एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्या घोडीला परवाच उलटा नाल मारलाय. आम्ही कुणाला फसवतोय?”

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. मुलाच्या घरी लग्नाच्या वरातीसाठी एक घोडी पाळलेली होती आणि तिच्या पुढच्या दोन्ही पायांना नालबंदाने खरोखरच नाल उलटे बसवले होते. गोलाकार बाजू टाचेकडे, उघडी टोके पुढे. रात्री सरांचा मला फोन आला. मी पशुवैद्य नाही. माझे संशोधन शिंग, नख, केस यांच्यासारख्या पदार्थांवर चालते, म्हणून ‘खूर तुमच्या खात्यात येते’ असा त्यांचा दावा. त्याच पंधरवड्यात मी मंगळवेढ्याला जाऊन आलो. तिथे जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचले, ते इथे मांडतो. उलट्या नालाची गोष्ट खरी आहे, फक्त ती ज्या कारणासाठी सांगितली जाते त्या कारणासाठी नव्हे.

नखावर उभा प्राणी

आधी खूर म्हणजे काय ते पाहू. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, आणि त्या बोटाच्याही टोकावर, म्हणजे जवळजवळ नखावर उभा असतो. आपल्या मधल्या बोटाचे नख वाढून बोटाच्या टोकाभोवती टोपीसारखे बसले आणि सगळे शरीर त्या टोपीवर तोलले, अशी कल्पना करा. ही टोपी केराटिनची, म्हणजे आपली नखे आणि केस ज्या प्रथिनाचे असतात त्याचीच. बाहेरचा भाग मेलेला. त्यात खिळा मारला तर वेदना नाही. आत मात्र जिवंत मांस, रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि शेवटचे हाड.

कळीचा प्रश्न असा, की हे हाड खुरात टिकते कसे? ते तळव्यावर टेकलेले नसते. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. हाडावरचे जिवंत पदर आणि भिंतीच्या आतल्या बाजूचे शिंगी पदर एकमेकांत गुंतलेले असतात, दोन वह्यांची पाने एकाआड एक घालून त्या दाबाव्यात तसे. (हा प्रयोग वर्गात करून पाहावा. पन्नास-साठ पाने अशी गुंतवली तरी दोन मुलांना त्या वह्या ओढून वेगळ्या करता येत नाहीत.) एका खुरात असे ५५० ते ६०० मुख्य पदर असतात आणि प्रत्येकावर शंभर-दीडशे उपपदर. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या पुढे जाते. तळहाताएवढ्या खुरात एका लहान टेबलाएवढा पृष्ठभाग घडी घालून ठेवलेला आहे. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, आणि भरधाव दौडीत एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते. हे सारे ते पदर सोसतात.

आता हे पदर सुजले तर? खूर टणक आहे, सुजेला जागा नाही. ठणका विलक्षण. त्यातच मागून एक जाड कंडरा हाडाला सतत वर-मागे ओढत असते. पदर सैल पडले, की या ओढीने हाडाचे टोक खाली वळते आणि तळव्याकडे सरकते. या रोगाला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार टाचांवर घेऊन, मागे रेलून उभा राहतो. एकदा ही उभे राहण्याची ढब पाहिली की विसरत नाही. मुलाच्या अंगणातली घोडी तशीच उभी होती.

रोग खुरात, कारण पोटात

कारणे अनेक, पण सर्वांत जुने ठाऊक असलेले कारण म्हणजे धान्य. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील पुस्तकात जव जास्त खाण्यातून होणाऱ्या विकाराचा उल्लेख केला आहे. ग्रीक भाषेतले त्या विकाराचे नावच जवावरून पडलेले आहे. घोड्याच्या जठरात व लहान आतड्यात ठरावीक पिष्टच पचते. एकदम भरपूर धान्य खाल्ले, की उरलेले मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. आम्ल वाढते, तिथले जिवाणू मरतात, त्यांची विषे रक्तात उतरतात आणि दोन दिवसांत खूर तापते. अलीकडे आणखी एक वाट कळली आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात नुसते इन्शुलिनचे प्रमाण दीर्घकाळ चढे ठेवले आणि तेवढ्यानेच त्यांना लॅमिनायटिस झाला. लठ्ठ, बसून खाणाऱ्या घोड्यांना हा रोग का होतो, ते त्यावरून उमगले.

मंगळवेढा म्हणजे ज्वारी. इथल्या खोल काळ्या जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढणाऱ्या रब्बी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडली ती याच गावात. गावात आलेल्या पाहुण्याला तिथल्या ज्वारीचे कौतुक ऐकल्यावाचून सुटका नाही, आणि भाकरी खाल्ल्यावर ते पटतेही. मला मात्र त्या दिवशी एकच गोष्ट विचारायची होती. घोडीने ज्वारी खाल्ली होती काय?

विचारण्याआधीच नालबंदाने उत्तर दिले. साठीच्या पुढचे गृहस्थ. गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात. घोडे आता थोडे. त्यांचा मुख्य धंदा उसाच्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या ठोकण्याचा. साखर कारखान्याचा हंगाम आला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्यांनी घोडीचा पाय मांडीत घेतला आणि खुराच्या बाजूवर, केसांच्या कडेपासून चार बोटांच्या आत असलेल्या एका आडव्या वळीवर अंगठा फिरवला. “ही बगा. शिमग्याच्या आसपास हिनं काहीतरी खाल्लंय.” मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. शिमग्याच्या आधी खळ्यावरून आणलेली ज्वारीची पोती पडवीत होती. रात्री घोडीचे दावे सुटले. सकाळी अर्धे पोते रिकामे.

मी खिशातली पट्टी काढून मोजले. वळी केसांच्या कडेपासून ४० मिलिमीटर खाली होती. खूर महिन्याला साधारण ८ मिलिमीटर वाढते. ४० भागिले ८ म्हणजे ५ महिने. ऑगस्टच्या मध्यातून ५ महिने मागे गेले की मार्चचा मध्य येतो. चाचांनी पट्टीकडे पाहिलेही नाही. झाडाच्या खोडातली वर्तुळे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. घोड्याचे खूर हीसुद्धा तशीच रोजनिशी आहे, फक्त तिच्यात साधारण एका वर्षाचीच पाने असतात आणि जुनी पाने तळाशी झिजून जातात. निरोगी खुराच्या वळ्या एकमेकींना समांतर असतात. या घोडीच्या वळ्या पुढे जवळ जवळ आणि टाचेकडे फाकलेल्या होत्या. पुढची वाढ खुंटल्याची ती खूण.

मधल्या काळात, चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईत, घोडी वरातीपुढे डांबरी रस्त्यावर नाचत होती. लंगडते म्हणून कुणीतरी जाड, जड नाल मारून दिले. ते मारल्यावर ती जास्तच लंगडू लागली.

सलोत्री आणि नालबंद

इथे थोडे इतिहासात जाऊ, कारण ‘जाड नाल मारा’ हा सल्ला आणि ‘उलटा नाल मारा’ हा सल्ला यांच्यातला फरक इतिहासातच दडला आहे.

आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा मोठी. शालिहोत्राच्या नावावर चालणारे ग्रंथ, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, नकुलाच्या नावाचे ‘अश्वशास्त्र’. यांत घोड्याचे रोग, त्यांवरची औषधे, आहार, शुभाशुभ लक्षणे असे सर्व आहे. परंतु खिळ्यांनी ठोकायचा लोखंडी नाल भारतात रुळला तो तुर्की घोडदळाबरोबर, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. शब्दच साक्ष देतात. नाल अरबी, नालबंद फारसी. उलट घोड्याच्या वैद्याला उत्तर हिंदुस्थानात सलोत्री म्हणत, तो शब्द थेट शालिहोत्रावरून आलेला. पंधराव्या शतकात दक्षिणेतल्या बहमनी दरबारात शालिहोत्राचा फारसी अनुवाद झाला. म्हणजे ग्रंथांची देवाणघेवाण चालूच होती. तरीही पुढे इंग्रजांच्या हिंदी घोडदळात सलोत्री आणि नालबंद हे दोन वेगळे हुद्दे राहिले. एक औषध देणारा, दुसरा लोखंड ठोकणारा. खूर दोघांच्या मधे पडले.

नालबंद नसेल तर काय होते, याचा एक जुना पुरावा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने पूर्व किनाऱ्यावरील माबार प्रांताचे वर्णन केले आहे. तिथले राजे अरबस्तान आणि इराणच्या आखातातून दर वर्षी घोडे विकत घेत. पोलो म्हणतो की या देशात नालबंद नाहीत, आणि घोड्यांचे व्यापारी मुद्दामच एकाही नालबंदाला तिकडे जाऊ देत नाहीत. कारण उघड आहे. घोडे टिकले तर पुढच्या वर्षी विकायचे काय? सुटे भाग मिळू न देणारे व्यापारी आजचेच नव्हेत म्हणायचे! पोलोने आणखीही एक नोंद केली आहे. तिथे घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस चारत. धान्य आणि खूर यांचे नाते ध्यानात घेतले, तर घोडे का मरत त्याचा दोष एकट्या हवामानाला देता येणार नाही.

मोगल दरबारात ही उणीव नव्हती. ‘आईन-इ-अकबरी’त शाही तबेल्याच्या खर्चात नालांची तरतूद आहे आणि वर्षातून दोनदा नाल बदलण्याचा नियम आहे. हेच शास्त्र घेऊन बादशाही फौज भीमेकाठी उतरली. तिच्या आकाराचा अंदाज असा करता येतो. १६९५च्या वसंतात, छावणी ब्रह्मपुरीला येण्याच्या थोडे आधी, जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगले येथे औरंगजेबाला भेटला. छावणीत साठ हजार घोडदळ असल्याचे त्याला सांगण्यात आले. आकडा फुगवलेला असेल, पण तोच धरून मुलांना गणित घालावे. साठ हजार घोडे म्हणजे दोन लाख चाळीस हजार खुरे. एक नाल पाव किलोचा धरला आणि नाल वर्षातून दोनदा बदलले, तर १२० टन लोखंड, खिळे वेगळेच. एक नालबंद दिवसाला सहा घोडे करतो असे मानले, तर वर्षाला वीस हजार दिवसांचे काम होते. म्हणजे वर्षातले तीनशे दिवस साठ-सत्तर नालबंदांनी मान वर न करता ठोकत राहायचे.

आणि जमीन कुठली, तर मंगळवेढ्याची काळी. उन्हाळ्यात ती विटेसारखी टणक होते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच चिकण होऊन पायातला नाल उपसून घेते. केराटिन पाणी शोषते. आपली नखे आंघोळीनंतर मऊ होतात तेच खुराचे होते. ओले खूर पसरते, खिळे सैल होतात. कोरडे खूर आकसते, चिरते. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला आलेल्या पुराने या छावणीची दाणादाण उडवली, ती इतिहासात नोंदली गेली. पण दर पावसाळ्यात किती खुरे कुजली याची नोंद कुणी ठेवली नसणार. मराठे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघत, त्यामागे पिके आणि नद्यांचे उतार ही कारणे होतीच. खुराच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे होते. मराठ्यांचे भीमथडी तट्टू लहान, काटक, कडक खुराचे. या जातीला आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र वंश म्हणून नोंद मिळाली आहे. मोगलांचे आयात घोडे उंच, देखणे आणि दाण्यावर पोसलेले. मराठी राज्यात शिलेदाराला मोहिमेपूर्वी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोडा तयार करायचा म्हणजे पहिल्यांदा त्याचे पाय तयार करायचे, हे त्या शब्दातच आले.

मोजमाप सुरू होते

नाल खुराला सांभाळतो की बिघडवतो, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो अठराव्या शतकात युरोपात. फ्रान्समध्ये लाफोस याने टाच मोकळी सोडणारा आखूड नाल सुचवला. लंडनमध्ये कोलमन याने तळव्यातल्या त्रिकोणी, रबरासारख्या गादीवर भार यावा असा नाल केला. या सर्वांत मला आवडतो तो ब्रेसी क्लार्क. खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे, ते प्रत्येक पावलाला टाचेकडे किंचित फाकते आणि परत आवळते, असे त्याने दाखवून दिले. १८०९ साली त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका तरुण घोडीच्या खुराचा साचा त्याने नाल मारण्यापूर्वी घेतला आणि नंतर वर्षानुवर्षे घेत राहिला. खूर दर वर्षी अरुंद होत गेलेले दिसले. ठोकलेला नाल खुराला फाकू देत नाही, म्हणून हे होते असा त्याचा निष्कर्ष.

शिक्षकांनी इथे मुलांना थांबवावे आणि विचारावे, की या प्रयोगात काय कमी आहे? एकच घोडी. तुलनेसाठी त्याच वयाची बिननालाची घोडी नाही. वयाबरोबर खूर आपोआपही बदलत असेल तर? क्लार्कचा निष्कर्ष त्याला वाटला तेवढा सरसकट निघाला नाही, पण टाच मोकळी हवी हे तत्त्व टिकले. म्हणूनच चांगला नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागात मारतो, जिथे भिंत जाड असते आणि फाकत नाही. टाचेकडे मारत नाही.

पुढे १८३५ साली अमेरिकेत हेन्री बर्डन याने नाल बनवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि तयार नालांच्या राशी बाजारात येऊ लागल्या. स्वस्ताई झाली, पण खुराप्रमाणे नाल घडवण्याऐवजी नालाप्रमाणे खूर तासण्याची सवय लागली. जाड नाल मारून देणाऱ्याने नेमके हेच केले होते. १८९५ साली क्ष-किरण सापडले, आणि खुरातले हाड किती वळले आहे ते पुढे जिवंत घोड्यात दिसू लागले. आपल्याकडे १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली होती आणि १८८६ पासून मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले होते. सलोत्र्याचा वारसा अशा रीतीने पदवीधर झाला. नालबंद मात्र शाळेबाहेर, बापाकडून मुलाकडे शिकत राहिला.

आजारी खुरासाठी नालाचे प्रकार पुष्कळ आहेत. टाचेमागे आडवी पट्टी जोडून बंद केलेला नाल, चिरलेल्या किंवा खचलेल्या टाचेसाठी. मागे लांबवलेला अंडाकृती नाल, टाचेतल्या हाडाच्या दुखण्यासाठी. तळव्यातल्या गादीला आधार देणारा बदामाच्या आकाराचा नाल १९८०च्या दशकात टेक्सासमधील बर्नी चॅपमन या नालबंदाने लॅमिनायटिससाठी पुढे आणला. तो नालबंद होता, डॉक्टर नव्हे, आणि पशुवैद्यांबरोबर काम करून त्याने ते सिद्ध केले, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र या नालाची पट्टी थोडी जरी पुढे आली किंवा जास्त दाबली तरी रोगी हाडाखालच्या रक्तवाहिन्याच चेपतात. क्ष-किरण चित्राशिवाय तो मारणे हे धाडसच.

म्हणून नालाचे नाव विचारून उपयोग नसतो. आधी घोडा उभा कसा राहतो, चालतो कसा, जुना नाल कोणत्या बाजूने झिजला, खूर कुठे गरम लागते, वळ्या काय सांगतात हे पाहायचे. मग खूर तासायचे. निम्मे काम तिथेच होते. त्यानंतरच भार कुठून काढून कुठे द्यायचा ते ठरते, आणि ते ठरले की नालाचा आकार आपोआप ठरतो. कधी कधी उत्तर ‘नालच नको’ असेही असते.

या घोडीचा भार पुढून काढायचा होता. पाऊल उचलताना खूर पुढच्या टोकावर कलंडते. ते टोक जितके पुढे, तितकी तरफ लांब आणि सैल पदरांवर ताण जास्त. घरी करून पहा. पायाच्या तळव्याखाली फूटपट्टी अशी बांधा की ती बोटांच्या पुढे चार बोटे येईल, आणि चाला. टाच उचलताना पोटरीत जी ओढ बसते, तीच घोडीच्या कंडरेत बसत होती. जाड नालाने टोक आणखी पुढे नेले होते. उलट्या नालात पुढे लोखंडच नसते. खूर लवकर कलंडते, तरफ आखूड होते, आणि टाचेखाली गोलाकार आधार मिळतो. चाचांनी साधाच नाल घेतला, पण त्याची पुढे येणारी टोके छाटली होती. मूळची भोके उलट्या बाजूने टाचेकडे जातात आणि तिथे भिंत पातळ, म्हणून ती भोके रिकामी ठेवून मधल्या जाड भागासमोर नवी भोके पाडली होती. प्रत्येक बाजूला दोनच खिळे. “खिळा मारायचा तो मेल्या शिंगात. जित्या मासाला नुस्ता वारा लागला तरी घोडं सांगतंय.” हे कुठून शिकलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, वडील टांग्याच्या घोड्यांना करायचे. वडिलांचे वडील कुणाकडून शिकले ते त्यांना ठाऊक नव्हते. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुखणे कमी करणारे औषध आणि चाऱ्याचे पथ्य दिले होते. धान्य बंद, पाण्यात भिजवलेले गवत. डॉक्टर आणि चाचा दोघे एकाच दिवशी अंगणात होते, हे त्या घोडीचे नशीब.

चाचांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. वरून नवे शिंग तळापर्यंत उतरेस्तोवर हिला कामाला लावायचे नाही. म्हणजे दहा-अकरा महिने. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचा हंगामही गेला आणि उन्हाळ्याचाही. मुलाची आई काही न बोलता आत निघून गेली. त्या घराचे निम्मे उत्पन्न त्या चार पायांवर होते. वडिलांनी त्या वर्षी ऊसतोडीच्या गाडीवर काम धरले. घोडी आता बिननालाची आहे, सरळ चालते, नाचत नाही. तिला विकावे की ठेवावे यावर घरात अजून मतभेद आहेत.

राहिला मुलाचा प्रश्न. लढाईवरच्या घोड्याला उलटे नाल ठोकून दौडवले, तर नेहमीच्या भोकांतले खिळे पातळ टाचेत जातील, टाच फाकणार नाही आणि काही मजलांत घोडा लंगडेल. मागच्या पायाचे खूर तर पुढे निमुळते असते, त्यावर उलटा नाल नीट बसतच नाही. ही कथा आपल्यापुरती नाही. स्कॉटलंडचा रॉबर्ट ब्रूस १३०६ साली लंडनहून असाच निसटला, असे तिकडे सांगतात. पण ठसा खरोखर फसवतो का, हे पाहायला काय हरकत होती? घोडीला अंगणातून गोठ्यापर्यंत आठ-दहा पावले जायचेच होते. काळ्या ओल्या मातीत ठसे उमटले. शेजारच्या दोन मुलांना नंतर बोलावून विचारले, तर दोघांनीही दिशा उलटी सांगितली. आमचे सर खूश झाले. चाचा ऐरण गोळा करत होते. त्यांनी तिथूनच पाहिले आणि काडीने ठशाची एक कड दाखवली. लोखंडाचा आकार उलटा होता खरा, पण दोन टोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुराचा पुढचा भाग मातीत रुतला होता, आणि उचलताना त्याने उडवलेली चिखलाची ढेकळे ठशाच्या मागे पडली होती. “घोडं जाताना माती मागंच फेकतंय की,” ते म्हणाले, आणि कानस पिशवीत टाकली.